दाराशी घातलेली गादी

हुकगोल, १९ ऑक्टोबर १९६८

श्री. योम तेजुन, विभागप्रमुख, श्रोता-पाहणी विभाग, सोल, यांस —

तुमचं पाकीट काल मिळालं. आत तुमचा अहवाल, माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीनं केलेली फुली आणि एक घरगुती चिठ्ठी. फुली बघून हसूच आलं मला. दोन वर्षांपूर्वी आपण दोघांनी मिळून केलेल्या पाहणीवर तुम्ही तुमचं एकट्याचं नाव घातलंत. मी विचारलं तेव्हा शर्टाची बटणं लावता लावता म्हणालात, "नवऱ्याचं नाव काय नि बायकोचं काय, एकच की!" त्याच आठवड्यात मी बॅग भरली आणि इथल्या कोळशाच्या खाणीवर विभागाची स्थानिक पाहणीदार म्हणून बदली मागून घेतली. नावं एकच असतील तर तुमची एक सही पुरायला हवी. माझी कशाला मागताय?

सही करणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे उरलेलं पत्र तुम्हाला निवांत वाचता येईल.

अहवाल मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. रेडिओवरचा 'चुलीपाशी दहा मिनिटं' हा विज्ञानाचा कार्यक्रम हुकगोल खाणवस्तीत एकाही घरात ऐकला जात नाही, परिणाम शून्य, सबब तो बंद करावा आणि त्याचा खर्च टेलिव्हिजनवरच्या विज्ञान-कार्यक्रमाकडे वळवावा. वा! त्या टेलिव्हिजनच्या कार्यक्रमाची पाहणी सोलमध्ये मीच केली होती, विसरलात का? हवेचा दाब समजावून सांगायला त्यातल्या गृहस्थांनी पत्र्याचा डबा चेपून दाखवला. दुसऱ्या दिवशी मी बायकांना विचारलं, काय शिकलात? एक म्हणाली, "त्यांच्या घरी भांडी फार दिसतात." दुसरी म्हणाली, "बायको लक्ष देत नाही वाटतं, कॉलर वाकडी होती." हवेचा दाब एकीच्याही तोंडी आला नाही. हे सगळं मी लिहून दिलं होतं आणि तुम्ही ते पान काढून टाकलंत. आणि हुकगोलमध्ये टेलिव्हिजन आहे कुणाकडे? खाणीच्या साहेबांच्या क्लबात एक आहे, त्यावर कुस्त्या बघतात.

आता थट्टा पुरे. गेल्या हिवाळ्यात इथं वरच्या आळीत नवरा, बायको आणि त्यांची शाळकरी मुलगी सकाळी उठलीच नाहीत. कोळशाची वडी चुलीत रात्रभर धुमसत होती, खोलीची जमीन तापवत जो वायू खालच्या नळ्यांतून बाहेर जायचा तो फटीतून वर खोलीत आला. त्याला ना रंग ना वास. 'चुलीपाशी दहा मिनिटं' लिहिणारी आणि बोलणारी आमची सुनहे सप्टेंबरपासून दर आठवड्याला एकच गोष्ट सांगते आहे: थंडीतला पहिला मोठा जाळ करायच्या आधी चुलीत ओला पेंढा जाळा, खोलीत या, धूर कुठून येतो ते बघा आणि ती फट चिखलानं लिंपा. सोलच्या कार्यक्रम-समितीनं तुमचा शून्य मान्य केला की डिसेंबरात सुनहे गप्प. म्हणजे बरोबर ऐन थंडीत. तुम्हाला त्यात फक्त खर्चाचा रकाना दिसतो, आणि मला वरच्या आळीतल्या त्या पोरीचे दाराबाहेरचे रबरी बूट दिसतात. म्हणून सही नाही.

चिठ्ठीबद्दल. चुसोकच्या सुगीच्या सणाला तुम्ही इथं आईबाबांकडे आलात आणि आईनं तुमची गादी उबेच्या कोपऱ्यात न घालता दाराशी घातली, हे वाचलं. जन्मात पहिल्यांदा! थोरला मुलगा, सोलहून आलेला, आणि चुलीच्या बाजूचा मानाचा कोपरा रिकामा ठेवून त्याला दाराशी झोपवला, तेही दार किलकिलं ठेवून. तुम्हाला रात्रभर वारा लागला आणि तुम्ही सकाळी न जेवता निघालात. "तू तिचे कान भरलेस," असं तुम्ही लिहिता. अहो, तुमच्या आईचे कान भरणारं माणूस अजून जन्माला यायचंय. गादी दाराशी का घातली ते मला ठाऊक नाही. पण खरं सांगू? वाचून मला बरं वाटलं.

बान जोंगिम
(लग्नात आडनाव बदललं नव्हतं, अजूनही तेच आहे.)


हुकगोल, २ नोव्हेंबर

विभागप्रमुख साहेब,

"पाहणी सर्व नियम पाळून झाली आहे," असं तुम्ही कळवलंत. झालीच आहे. तीच तर गोची आहे.

तुमची विद्यार्थी मंडळी गुणी. इस्त्रीचे शर्ट, वाकून नमस्कार. घरात शिरायचं, घरातल्या सगळ्यांत वडील माणसाच्या खोलीत जाऊन बसायचं आणि त्यालाच विचारायचं. आपल्याकडे दुसऱ्या कुणाला विचारणं म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर थुंकणं. मग म्हातारबुवा सगळ्या घराच्या वतीनं बोलतात. घर काय खातं, काय ऐकतं, कुणाला मत देतं, सगळं.

मी त्याच घरांत पुन्हा गेले, पण मागच्या दारानं. पहिली भेटली यंगदोकवाली. समुद्रकाठच्या यंगदोकहून सून होऊन आली म्हणून आख्खी आळी तिला त्याच नावानं हाक मारते. सरपण फोडत होती. मी विचारलं, "काय गं, सोलची पोरं आली होती ना तुमच्याकडे?"

"आली होती की! गोरीगोमटी. एकाच्या तर हाताला साबणाचा वास येत होता. सासऱ्यांशी बोलत बसली. मी दारू गाळून दिली, वर डाळीचे घावन घातले. सगळे फस्त केले मेल्यांनी."

"तेव्हा हा स्पीकर चालू होता?"

स्पीकर तिच्या स्वयंपाकघरातल्या खांबावर आहे. खाणीच्या कचेरीतल्या रेडिओवरून तार येते, घरोघर एकेक पेटी. स्टेशन बदलायची सोय नाही, आवाज तेवढा कमी-जास्त होतो. बहुतेक घरांत ती स्वयंपाकघरातच टांगलेली असते, कारण वडीलधाऱ्यांना खोलीत कटकट नको.

"चालूच होता," ती म्हणाली. "तीच बाई बोलत होती, धुराची. पण पाहुणे आले म्हणून मी आवाज बारीक केला. पुरुषमाणसं बोलत असताना भिंतीवरची बाई कशी बडबडेल?"

"आणि सासरे काय म्हणाले?"

"म्हणाले, आमच्याकडे असलं काही कुणी ऐकत नाही." मग कुऱ्हाड खाली ठेवून पोट धरून हसली. "खरंच आहे ना ताई! ते कुठं ऐकतात? ते तर माझंही ऐकत नाहीत!"

समजलं का साहेब? तुमचा विद्यार्थी आत बसून "ऐकत नाहीत" असं लिहून घेत होता आणि भिंतीपलीकडे सुनहे बोलत होती. अदबीखातर बारीक केलेली, एवढंच.

मी म्हटलं, बरं, ऐकलंस. ऐकून केलंस काय? तर म्हणते, "मी काय करणार, मी अडाणी." मी जायला उठले तेव्हा हात धरला, आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि गादी उचलली. गादीखाली जमिनीवरच्या तेलकागदाला हातभर नवा तुकडा जोडलेला. पिवळाधमक. खाली चिखल लिंपून घट्ट बसवलेला.

"सासऱ्यांना सांगू नका हं," ती म्हणाली. "ही जमीन त्यांनी स्वतः घातलीय. फट आहे म्हटलं तर घर डोक्यावर घेतील. सासरे पाळीवर खाणीत होते तेव्हा मी आणि शेजारणीनं मिळून पेंढा जाळला. धूर बघितला नि तशाच चिखल आणायला धावलो ताई. माझी पोरं तिथंच डोकं ठेवतात."

त्यानंतर मी घरोघर गाद्या उचलत सुटले. कुठं हात जोडून, कुठं कांदे चिरू लागून, कुठं नुसतं "मीही सासरी राहिलेय" असं म्हणून. वस्तीतल्या निम्म्याहून जास्त घरांत गादीखाली नवा कागद आहे. एकाही घरातल्या कर्त्या पुरुषाला त्याचा पत्ता नाही. तुमच्या पोरांना मी दोष देत नाही. परक्या घरात बाईच्या गादीला हात लावला असता तर चपलेनं मार खाल्ला असता त्यांनी. पण जिथं तुम्ही जाऊच शकत नाही तिथं काही नाही असं लिहायचं नसतं, हे आपण एकाच वर्गात एकाच बाकावर बसून शिकलो होतो.

आणि सगळंच गोड आहे असंही मी म्हणत नाही, तुमच्यासारखी पानं काढणारी मी नव्हे. सुनहेनं ऑक्सिजन-ऑक्सिजन केलं ते कुणाला ओ की ठो कळलेलं नाही. दोन घरांत फट चिखलाऐवजी वर्तमानपत्रानं बुजवली होती आणि कागद करपला होता. आणि मुळ्याच्या लोणच्याचं पाणी! वायू लागलेल्या माणसाला ते पाजलं की तो उठून बसतो, हा समज काही जात नाही. सुनहे कानीकपाळी ओरडली की आधी दार उघडा, माणसाला बाहेर काढा. तरी यंगदोकवालीच्या उशाशी वाडगा आहेच. म्हणते, "दोन्ही केलेलं बरं." हे सगळं मी लिहिणार आहे. सुनहेला सांगितलं, ती रडली, मग वही घेऊन बसली.

इथल्या तुमच्या आईबाबांच्या घरी मात्र गेलेले नाही, आणि ते घर माझ्या अहवालात घेणारही नाही. घरचा पुरावा आणला म्हणाल.

बान जोंगिम


हुकगोल, १४ नोव्हेंबर

तेजुन,

आज साहेब म्हणत नाही. तुझ्या पत्रात तूही मला "अगं" म्हणून सुरुवात केलीस, रागाच्या भरात का होईना.

"बायकांच्या गप्पा म्हणजे पाहणी नव्हे." छान! आणि पुरुषांच्या गप्पा म्हणजे काय? दारू पिऊन नि घावन खाऊन केलेल्या?

तुझा दुसरा आक्षेप मात्र मी दोनदा वाचला. या बायका पूर्वीपासूनच थंडीच्या तोंडावर जमीन लिंपत असतील, कार्यक्रमाचा त्यात काय संबंध, असं तू विचारतोस. चला, दोन वर्षांनी एकदाचा माझ्या बाकावरचा तेजुन बोलला! हा प्रश्न रास्त आहे. म्हणून परवा मी खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात गेले. तीच खाण, त्याच खोल्या, त्याच कोळशाच्या वड्या, पण तिथं अजून स्पीकरची तार पोचलेली नाही. तिथंही गाद्या उचलल्या. एका घरात चोर समजून माझ्यावर झाडू उगारला, पण ते असो. नवा कागद हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांत, तोही उंदरांनी कुरतडला म्हणून. ओल्या पेंढ्याचं नाव काढलं तर बायका म्हणाल्या, "धूर मुद्दाम कशाला करायचा? आमच्याकडे मुळ्याचं पाणी आहे ना!" दिलं तुझ्या आक्षेपाला उत्तर. येताना बर्फ भुरभुरायला लागला होता आणि मागे त्या खोऱ्यात घराघरांतून धूर वर चढत होता. त्यातल्या कुठल्या घरात उद्या सकाळी कोण उठणार नाही, याचा विचार करत मी खिंड उतरले. तार पलीकडे न्यायला हवी, हे अहवालात लिहिते आहे. बंद करायचं राहू दे बाजूला.

तिसरं. "माझे वडील खोटं बोलत नाहीत. पाहणीतलं पहिलं घर आमचंच होतं आणि आमच्या घरात कुणी ऐकत नाही, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं." मान्य! बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांना जेवढं माहीत तेवढं ते खरंच बोलतात. पण तुझ्या त्या कागदावर त्या घरात आणखी एक माणूस राहतं याची नोंद कुठे आहे? आळीत तिला सगळे "तेजुनची आई" म्हणतात. तुझ्याच नावानं ओळखली जाते रे ती, आणि तुझ्याच कागदावर नाही.

आता म्हणशील मी तिचे कान भरायला जाते. नाही जात. हिवाळ्याच्या लोणच्यासाठी कोबी खारवायचे दिवस जवळ आले आहेत, दर वर्षी जाते तशीच जाईन. आणि बाबांना एक अक्षर विचारणार नाही.

राहिली बदलीची धमकी. कर बदली! फायलींच्या तळघरात टाक नाहीतर समुद्रातल्या बेटावर टाक. तिथंही माणसं गादीवरच झोपत असतील, मी उचलून बघीन.

जोंगिम


हुकगोल, २७ नोव्हेंबर

अहो,

हसू नका. सवय जात नाही, आणि आजचं पत्र भांडायला घेतलेलं नाही. निदान पहिली दोन पानं तरी.

काल आईंच्या अंगणात कोबीचा ढीग होता. सगळी आळी जमलेली, कोपरापर्यंत तिखटानं लाल झालेले हात. मी दारातून वाकले तर आई म्हणाल्या, "ये. नवऱ्याचं घर सोडलंस, माझा कोबी नाही सोडलास, तेवढं बरं आहे. बाह्या वर कर." मी बसले. यंगदोकवालीनं डोळा मारला.

दुपारी कार्यक्रमाची सुरावट वाजली आणि अंगणातली कावकाव बंद झाली. कुणी गप्प बसा म्हटलं नाही, बसल्या. सुनहे बोलायला लागली. ऑक्सिजन टाकून दिलाय तिनं, आता म्हणते, "चुलीला श्वास लागतो तसा तुम्हालाही लागतो, आणि बंद खोलीत दोघांना पुरेल एवढा नसतो." बायका माना हलवत होत्या. तेवढ्यात बाबांची त्यांच्या खोलीतून हाक आली, "आवाज!" आईंनी तिखटाच्या हातानं बटण पिळून तो बारीक केला. मग सगळ्या जणी खांबाकडे सरकून बसल्या, एवढंच झालं.

मी विचारलं, "आई, तुम्ही ऐकता होय हे?"

"मी? छे! ती बोलते, मी भांडी घासते."

आईंनी दोन कोबी भरले, तिसरा हातात घेतला, परत ठेवला. मग हात धुतले आणि म्हणाल्या, "आत ये जरा. परात काढायची आहे." परात अंगणातच होती.

आतल्या खोलीत उबेच्या कोपऱ्यातली सतरंजी त्यांनी बाजूला केली. अहो, नवा कागद. चांगला उशीएवढा.

"केव्हा केलंत हे?"

"सणाच्या आदल्या दिवशी." खाली बसून तो कागद तळव्यानं सारखा करत होत्या. "तेजुन येणार म्हणून वर्षातला पहिला मोठा जाळ करायचा होता. हे पूर्वजांच्या कबरींवरचं गवत काढायला गेले होते. म्हटलं, ही बाई एवढं घसा फोडून सांगतेय तर बघावं. ओला पेंढा घातला, वर येऊन बघते तर काय, बरोबर त्याच्या उशीच्या जागी धूर! बारीक नाही गं, दोरीसारखा. दर सणाला त्याला तिथंच झोपवते मी. माझ्या हातानं गादी घालते, माझ्या हातानं."

त्या रडायला लागल्या. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं, तुम्हीही बघितलं नसेल.

"मग चिखल लिंपला, कागद चिकटवला. पण ओला होता तो, वाळायला वेळ कुठे? रात्री जाळ तर करायलाच हवा, नाहीतर हे विचारणार. म्हणून गादी दाराशी घातली. दार थोडं उघडं ठेवलं, ती सांगते तसं. आणि रात्री उठून उठून त्याच्या नाकापाशी हात धरत होते."

"आई, मग त्यांना सांगायचं ना! ते इतके रुसून गेले."

"सांगितलं असतं तर तो बापाला बोलला असता. बाप म्हणाला असता, माझ्या हातची जमीन गळत नाही, आणि हट्टानं स्वतः त्या कोपऱ्यात जाऊन झोपला असता. आणि तोही म्हणाला असता, मीही झोपतो. ओळखत नाहीस का दोघांना?" त्यांनी झग्याच्या ओच्याला डोळे पुसले. "रुसला तर रुसू दे. रुसलेला मुलगा चालतो मला."

दारात बाबा उभे होते. कधी आले कळलं नाही. आईंचा चेहरा पांढरा पडला. बाबा आत आले, गुडघे टेकले आणि नव्या कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "जुना कुठाय?" त्यांनी विचारलं. आईंनी तांदळाच्या मडक्यामागून काढून दिला. त्यांनी तो उलटा केला. खालच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत काजळीची काळी रेघ. मग म्हणाले, "माझाच आहे. तेल मीच चढवलं होतं, तेजुन रांगत होता तेव्हा." मी उठायला लागले तर म्हणाले, "बस, सूनबाई. त्या पोरांना मी काय सांगितलं होतं?"

"घरात कुणी ऐकत नाही, असं."

"खोड ते. लिही, या घरात ऐकतात." आणि घसा खाकरून म्हणाले, "मी सोडून."

"मग आता ऐका!" आई म्हणाल्या. तोवर त्यांच्या जिवात जीव आला होता.

मी हसले आणि लगेच रडले. तुमच्यासाठी रडले, हे लिहायची मला लाज वाटत नाही. दोन वर्षं तुमच्यावर राग धरून बसलेय, पण त्या रात्री तुम्ही नेहमीच्या जागी झोपला असतात तर मला रागवायला उरलं असतं कोण? रागही अजून आहे, तो कुठं गेलेला नाही. फक्त तुम्ही आहात याचा आनंद त्याहून मोठा निघाला आणि तो मला काल अचानक कळला.

झाली दोन पानं. आता ऐका.

तुमचा अहवाल सोबत परत पाठवते आहे. पेन्सिलीची फुली तशीच आहे, तिच्यावर सही नाही. माझा अहवाल मी तुमच्यामार्फत न पाठवता थेट समितीच्या अध्यक्षांना पाठवला. त्यावर एकच नाव आहे, बान जोंगिम. त्यात दोन्ही खोऱ्यांतल्या गाद्यांखाली काय सापडलं ते आहे, करपलेली वर्तमानपत्रं आहेत, मुळ्याचं पाणीही आहे. तुमच्या घराची हकीकत नाही. मी दिलेला शब्द पाळला, घरचा पुरावा घातला नाही.

पाच डिसेंबरला समितीनं मला समोर बोलावलं आहे. तुम्ही टेबलाच्या पलीकडे असाल, तो तक्ता घेऊन. त्यात पहिल्याच ओळीत "योम, हुकगोल" आणि त्यापुढे शून्य. ते विचारतील की या बाई म्हणतात ते खरं का, आणि मी त्यांना सांगीन की एका गोष्टीबद्दल साहेबांनाच विचारा.

कारण तो जुना कागद बाबांनी मला दिला आणि म्हणाले, तेजुनला पाठव. या पाकिटात तोच आहे, घडी जपून उघडा. काळी रेघ दिसेल. नाकाशी धरलात तर धुराचा वास अजून येतो. मी त्याची नक्कल ठेवलेली नाही, फोटो काढलेला नाही, समितीला त्याबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. तो आता तुमच्याकडे आहे. टेबलावर ठेवायचा की खिशातच राहू द्यायचा, ते मी समोर बसून बघणार आहे.

आईंचा निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत देते: "नवीन वर्षाला ये म्हणावं. जागा पक्की झालीय. गादी कोपऱ्यात घालते."

जोंगिम